लांबमान्या आणि लेडगार्डी

पडदा वर जातो तेव्हा समोर स्कार्थ हेवनचा मासळीधक्का. फेब्रुवारी १९३१, सकाळचे साडेसात. पाठीमागे राखाडी समुद्र आणि त्यावर तितकंच राखाडी आभाळ. दोहोंमधली शिवण कुठे आहे ते पडदा रंगवणाऱ्यालाही सांगता येऊ नये. उजव्या अंगाला लिलावाची घंटा, डाव्या अंगाला बर्फाचे ढीग. मधोमध ओल्या दगडी ओट्यापाशी पन्नाशीचा एक उंच, वाकलेला माणूस उभा. अंगात मेणकापडाचा एप्रन, नाकाच्या शेंड्याला लोंबता थेंब, हातात सुरी. पुढ्यात दाराच्या फळीएवढा पाकट मासा, पोट वर करून पसरलेला.

हा डॉक्टर अँब्रोज लेडगार्ड. पदवीने प्राणिशास्त्रज्ञ, गावाच्या भाषेत ‘जंतवाले डॉक्टर’. धक्क्याच्या टोकाला सागरी संशोधनाची दोन खोल्यांची कौलारू प्रयोगशाळा होती, गाव तिला नुसतं ‘शाळा’ म्हणायचं. तिचा तो पंचवीस वर्षं एकटा धनी. पाकट माशाच्या आतड्यात पडद्यांचा एक गोल जिना असतो. त्या जिन्याच्या पायऱ्यांवर चिकटून राहणाऱ्या फितीसारख्या जंतांवर या माणसाने आपली सारी जवानी घालवली होती.

“काय डॉक्टर, पाहुणे आहेत का घरात?” जेथ्रो स्कोलेने विचारलं. जेथ्रो म्हणजे ‘प्रॉव्हिडन्स’ होडीचा मालक. पाकट सापडला की त्याचं आतडं डॉक्टरसाठी बाजूला काढायचं, हे त्याने आपलं धर्मकार्य मानलं होतं.

“दार उघडल्याशिवाय कसं कळणार, जेथ्रो?”

“आमच्या सासूबाईंचं आतडंही असंच असणार बघा, जिन्याजिन्याचं. आत गेलेला शब्द पुन्हा बाहेर येत नाही. वीस वर्षं जिरवतायत.”

अँब्रोज हसला. तेवढ्यात त्याची बहीण हेस्टर धक्क्यावरून येताना दिसली. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, तीही अविवाहित. घर चालवायची आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या जंतांची चित्रंही तीच काढायची. अशी चित्रं, की लोक लेडगार्डचा ग्रंथ उघडत ते निम्मे त्यांच्यासाठीच. तिच्या हातात एक पाकीट होतं.

“लंडनहून आहे. रेनबर्डचं,” ती म्हणाली.

अँब्रोजचं हसू तिथल्या तिथे थिजलं. “ओट्यावर ठेव.”

“ओटा ओला आहे.”

“मग भिजू दे.”

आपल्याकडे कुणाचं बरं पाहवेना की ‘याच्या पोटात दुखतं’ म्हणतात. अँब्रोजचं पोट गेली तीस वर्षं एकाच नावाने दुखत होतं. लायोनेल रेनबर्ड. दोघे एकाच वर्गातले, एकाच बाकावर शेजारी बसून बेडूक कापलेले. अँब्रोज गिरणीगावातल्या कापडदुकानदाराचा मुलगा, शिष्यवृत्तीवर शिकणारा. हात नेटका, पण तोंड उघडलं की जीभ अडखळायची. रेनबर्डचे हात धसमुसळे. पण हा माणूस खोलीत शिरला की दिवा लावल्यासारखं वाटायचं. वर्गात पहिला आला अँब्रोज, आणि गुरुजींनी जेवायला बोलावलं रेनबर्डला! तिथूनच दुखणं सुरू झालं.

पुढे रेनबर्ड उष्ण देशांत गेला. चहाच्या मळ्यांत, खाणींत, माणसांच्या पोटातले जंत शोधत फिरला. परत आला तो नावलौकिक घेऊनच. लाल कव्हराचं एक पुस्तक लिहिलं, ते पाद्रीबाईंपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी वाचलं. इकडे अँब्रोजने ‘पाकटांतील पट्टकृमी’ या ग्रंथाचा पहिला भाग काढला १९११ साली, दुसरा १९२२ साली. जगात तो वाचू शकतील अशी माणसं तीसएक. त्यांतल्या दोघांनी पत्र लिहून चुका दाखवल्या, एका जर्मनाने स्तुती केली, आणि ते पत्र चौकटीत घालून शाळेच्या भिंतीवर टांगलं गेलं. तिसरा भाग नऊ वर्षं ‘जवळजवळ पूर्ण’ होता. तो पुरा का होत नव्हता ते हेस्टरला ठाऊक होतं. रेनबर्डचं नवं काही छापून आलं की अँब्रोज आपलं लिहिलेलं काढायचा, वाचायचा, आणि सगळं खोडायचा.

लाल पुस्तकाचं परीक्षण लिहायची पाळी एका नियतकालिकाने अँब्रोजवरच आणली होती. त्याने दोन पानं लिहिली. रेनबर्डची निरीक्षणं ‘सर्वसामान्य वाचकांस पुरेशी’ असल्याचं म्हटलं, आणि शेवटचं वाक्य लिहिलं, ‘पुस्तकाची बांधणी मजबूत आहे.’ या वाक्यावर तो आठवडाभर खूश होता. मग रेनबर्डचं आभाराचं पत्र आलं. बांधणीबद्दलचा अभिप्राय त्याने बांधणाऱ्याला आवर्जून कळवला होता, आणि तो बिचारा अगदी भरून आला होता म्हणे!

पण खरी ठुसठुस वेगळी होती. या शास्त्रज्ञ लोकांचा एक रिवाज आहे. नवा जीव सापडला की त्याला लॅटिन नाव द्यायचं, आणि त्यात एखाद्या माणसाचं नाव गुंफून त्याचा मान करायचा. मात्र स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही. कायदा आडवा येत नाही, पण सारी बिरादरी आयुष्यभर हसते. तुमचं नाव दुसऱ्यानेच द्यायचं असतं. रेनबर्डच्या नावाने एक पिसू होती, एक बेडूक होता, दोन गोचिड्या आणि सात जंत होते. अँब्रोजने ती यादी पाठ केली होती. त्याने स्वतः एकोणीस नव्या जाती शोधल्या, एकोणीस नावं दिली, गुरुजींचं, गावाचं, त्या जर्मनाचंही. ‘लेडगार्ड’ नावाचा मात्र साधा केसाएवढा जंतही पृथ्वीच्या पाठीवर कुणी ठेवला नव्हता.

आता मागच्या सप्टेंबरातली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पाकिटाचं महत्त्व कळायचं नाही.

रेनबर्डचं पत्र आलं होतं. तो सगळ्या जंतांवर मोठा ग्रंथ लिहीत होता आणि पाकटातला जंत त्याने कधी जिवंत पाहिलाच नव्हता. ‘तुझ्याकडचे थोडे नमुने पाठवशील? तुझ्याहून चांगले कुठे मिळणार?’

अँब्रोजकडे चांगले नमुने होतेच. चांगला नमुना करायची त्याची रीत सबंध देशात वाखाणली जायची. जंत जिवंत असतानाच थंड समुद्राच्या पाण्यात ठेवायचा. तासाभराने तो दमतो, सैल पडतो, मान लांब सोडतो. मग कढत औषधी पाणी एकदम ओतायचं. जसा आहे तसा, लांब मानेचा, देखणा जंत कायमचा राहतो. त्याने शोधलेला सगळ्यात नामांकित जंत असाच होता. लॅटिन नावाचा अर्थ ‘लांब मानेचा’. घरात त्याला लांबमान्या म्हणत.

आणि शेल्फच्या वरच्या फळीवर आणखी एक बरणी होती. १९२९च्या ऑगस्टात अँब्रोज न्यूमोनियाने पडला असताना जेथ्रोने आपल्या बुद्धीने भर समुद्रात पाकट फाडला, जंत काढले, आणि वाया जाऊ नयेत म्हणून जवळ होती त्या दारूत, म्हणजे रममध्ये, टाकले. जिवंत जंत दारूत पडला की अंग चोरतो. मान आखडते, तिच्यावर सुरकुत्यांची वळी पडतात. लांबमान्यांचे झाले बुटके, गळ्यात जाड पट्टा घातल्यासारखे. अँब्रोज तेव्हा खोकत खोकत पोटभर हसला होता. बरणी त्याने गंमत म्हणून ठेवून दिली.

रेनबर्डला त्याने ती बरणी पाठवली.

बरणीवरच्या चिठ्ठीत सगळं खरं होतं. तारीख, पाण्याची खोली, माशाचा प्रकार. ‘रम’ हा एकच शब्द तेवढा नव्हता. चिठ्ठ्या हेस्टर लिहायची, पण ही त्याने स्वतः लिहिली. ‘ओळखेल तो,’ त्याने स्वतःच्या मनाला सांगितलं. ‘एवढा मोठा माणूस, ओळखेलच की.’ न ओळखला तर काय होईल, तेही मनाच्या मागच्या विंगेत उभं राहून कुणीतरी कुजबुजत होतंच.

ते पाकीट आता ओट्यावर भिजत होतं. शेवटी जेथ्रोनेच ते उचललं, एप्रनला पुसलं आणि पुढे धरलं. “डॉक्टर, मेलेल्या पाकटाला घाबरत नाही तुम्ही, कागदाला काय घाबरता?”

आत सहा पानी छापील लेख होता. रेनबर्डने एक नवी जात शोधली होती. आखूड मान, गळ्याभोवती ठळक पट्टा. तिचं नाव होतं ‘लेडगार्डी’. खाली तीन ओळी: ‘माझे मित्र अँब्रोज लेडगार्ड यांस. या किनाऱ्यावरचे जंत त्यांच्याइतके जाणणारा दुसरा माणूस आज हयात नाही.’

अँब्रोजने सुरी खाली ठेवली. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. हेस्टर सांगायची, त्याला रडताना तिने त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आई गेली तेव्हा.

“काय झालं? कोण गेलं?” जेथ्रोने टोपी काढली.

“कुणी नाही. जंताला माझं नाव दिलंय, जेथ्रो.”

“जंताला?” जेथ्रोने क्षणभर विचार केला. “म्हणजे आता तुम्ही कायमचे पाकटाच्या पोटात! अभिनंदन, डॉक्टर! पण ते ‘लेडगार्ड’चं ‘लेडगार्डी’ का केलं हो?”

“पुरुषाचं नाव असलं की शेवटी ‘ई’ लागते. बाईचं असलं तर ‘आए’, लिहिताना इंग्रजी ए आणि ई.”

“आए!” जेथ्रो उडालाच. “आमची मार्था मला अशीच हाक मारते की. ती लॅटिन कुठे शिकली?”

दुपारी शाळेत चहा झाला. हेस्टरने आल्याचा केक कापला, होडीवरची चार माणसं बूट पुसून आत आली, प्रार्थनामंदिराचा पेटीवालाही आला. अँब्रोजने लेख सगळ्यांना दाखवला. पन्नास वर्षं विंगेत उभ्या राहिलेल्या माणसाला अचानक मधोमध आणून त्याच्यावर झोत टाकावा, तसं झालं होतं त्याचं. त्या एका दुपारी त्याचं पोट दुखलं नाही. रेनबर्ड मोठ्या मनाचा माणूस आहे, असं तो दोनदा म्हणाला. हेस्टरने दोन्ही वेळा मान वर करून पाहिलं.

सगळे गेल्यावर कप उचलताना ती म्हणाली, “चित्रातला पट्टा पाहिलास का रे?”

“कुठला पट्टा?”

“गळ्याचा. मी पंधरा वर्षं हे गळे काढतेय. सुरकुती आहे ती. कोणती बरणी पाठवलीस तू त्याला?”

तिने वरच्या फळीकडे पाहिलं. धुळीत बरणीच्या बुडाएवढी गोल जागा अजून स्वच्छ दिसत होती.

तिथून दीड महिना त्या घरात मीठ दे, लोणी दे, एवढंच बोलणं चालत होतं. अँब्रोज लेख उघडायचा, नावावरून बोट फिरवायचा, मिटायचा. लेडगार्डी नावाचा जंत या जगात नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो रमने आखडलेला लांबमान्याच होता. आणि नियम साधा आहे, एकाच जिवाला दोन नावं पडली की जुनं टिकतं, नवं बुडतं. सत्य सांगितलं तर जगातला एकुलता एक लेडगार्डी आपल्याच हाताने बुडवायचा. गप्प बसलं तर तो राहणार, निदान त्याच्यासारखा दुसरा कुणी डोळस माणूस जन्माला येईपर्यंत.

मग एप्रिलमध्ये बातमी छापून आली की रेनबर्डला त्याच्या संशोधनाबद्दल सुवर्णपदक मिळणार. झालं, पोट पुन्हा दुखू लागलं. त्या सकाळी अँब्रोज ताठ बसून लिहू लागला आणि दुपारपर्यंत नऊ पानं झाली. गेल्या नऊ वर्षांत त्याचं इतकं सरळ लिहून झालं नव्हतं. ‘डॉक्टर रेनबर्ड यांस साधा आखडलेला जंत ओळखता येऊ नये, याचे नवल वाटते,’ इथून सुरुवात होती. पुढे प्रत्येक परिच्छेदात एकेक सुरी. स्वतःचं नाव बुडेल, पण रेनबर्डला घेऊन बुडेल!

“दोन्ही गळे शेजारी शेजारी काढून दे,” त्याने पानं हेस्टरपुढे ठेवली. “उद्या पाठवायचंय.”

हेस्टरने नऊच्या नऊ पानं वाचली. चष्मा काढला. “छान लिहिलंयस. यात रम कुठे आहे?”

“म्हणजे?”

“रम रे. जेथ्रोची. नऊ पानांत मला एक थेंब सापडला नाही.”

“त्याने ओळखायला हवं होतं!”

“त्याने विश्वास ठेवला. तुझ्या अक्षरातली चिठ्ठी होती, तुझ्याच अक्षराला फसला तो.” तिने पानं नीट जुळवून परत केली. “माझी पेन्सिल याला नाही मिळणार, अँब्रोज. तू तिसरा भाग लिही, मरेपर्यंत काढते. हे नाही काढणार.”

“त्याची बाजू घेतेस? तुलाही तो दिवा लावल्यासारखा वाटतो ना? वाटणारच! तुझ्या चित्रांची स्तुती करतो प्रत्येक पत्रात.”

“करतो,” हेस्टर म्हणाली. “तू कधी केलीस?”

अँब्रोज बाहेर गेला. धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. जेथ्रो जाळं विणत बसला होता.

“जेथ्रो, तुझ्या त्या रमने माझा घात केला.”

“रमने कुणाचा केला नाही, डॉक्टर? पण मी तर ती जंतांना पाजली. तुम्हाला कशी चढली?”

घरी येऊन अँब्रोजने नऊ पानं चुलीत घातली आणि एक पान लिहिलं. आजही जुन्या नियतकालिकाच्या मागच्या पानांत ते सापडेल, असं लहान अक्षरांत छापलेलं. ‘लेडगार्डी ही जात अस्तित्वात नाही. तिचे नमुने म्हणजे लांब मानेचेच जंत होत. ते जिवंत असताना रममध्ये पडल्यामुळे आखडले. ही गोष्ट मला ठाऊक होती. नमुने पाठवताना मी ती डॉक्टर रेनबर्ड यांस कळवली नाही. चूक त्यांची नाही.’ खाली सही. हेस्टरने न बोलता दोन गळे काढून दिले, एक लांब, एक आखडलेला. तिच्या हातची ती सर्वांत सुंदर चित्रं, असं जाणकार म्हणतात.

सबंध बिरादरी हसली. कुणी लेडगार्डला वेडा ठरवलं, कुणी बेवडा. रेनबर्डला पदक मिळायचं ते मिळालंच. पुढच्या वसंतात तो स्वतः स्कार्थ हेवनला आला. महागडा कोट ओट्यापाशी काढून ठेवला, बाह्या सारल्या आणि म्हणाला, “लेडगार्ड, मला जिवंत दाखव. गळ्याचा पट्टा नसलेला.”

अँब्रोजने पाकट फाडला. जिन्याच्या पायऱ्यांवरून अलगद जंत सोडवला, थंड पाण्यात सोडला. दोघे म्हातारे बशीवर डोकी लावून तासभर बसले. मान हळूहळू लांबत गेली.

“देखणा आहे,” रेनबर्ड हळूच म्हणाला. मग खिशातून चपटी बाटली काढली. “रम आणलीय. या वेळी आपण पिऊ.”

तो गाडीने परत गेल्यावर अँब्रोज बराच वेळ ओटा धूत राहिला. हेस्टर म्हणाली, “आता तरी बरं वाटलं?”

“कसलं बरं? माफसुद्धा तो माझ्यापेक्षा चांगलं करतो!”

पण त्या दिवसापासून खोडणं थांबलं. ‘पाकटांतील पट्टकृमी’चा तिसरा भाग १९३६ साली निघाला. मुखपृष्ठावर पहिल्यांदाच दोन नावं होती, अँब्रोज लेडगार्ड आणि हेस्टर लेडगार्ड.

शेवटचा प्रवेश मार्च १९३८चा. सकाळ. खिडकीशी खाट, उशांच्या आधाराने अँब्रोज. फुप्फुसं थकली होती, डोळ्यांना छापील अक्षर दिसत नव्हतं. जेथ्रो मडक्यात माशाचं गरम सूप घेऊन आला होता आणि टोपी हातात धरून कोपऱ्यात उभा होता. हेस्टर लंडनहून आलेलं पाकीट फोडत होती.

“रेनबर्डचं,” ती म्हणाली. “नवा जंत. स्वतः होडीवर जाऊन काढलाय म्हणतो. थंड पाणी, मग कढत, सगळं तुझ्या रीतीने. नाव दिलंय…” ती थांबली.

“वाच ना.”

“लेडगार्ड… लेडगार्डचंच आहे काहीतरी.”

अँब्रोज कोपरावर उठला. गालांवर रंग आला. “तेच नाव दोनदा देता येत नाही. बुडलेलं नाव पुन्हा चालत नाही. रेनबर्डला एवढंही कळत नाही? शेवटची अक्षरं वाच. एकेक.”

हेस्टरने कागद लांब धरला. “शेवटी… ए आणि ई आहे.”

कोपऱ्यातून जेथ्रो अस्पष्ट पुटपुटला, “आए.”

खाली एक ओळ होती, ती तिला वाचवेना. जेथ्रोला वाचता येत नव्हतं. अँब्रोजने हात पुढे केला, भिंग मागितलं. अक्षरं नाहीच दिसली. चित्रावर मात्र तो भिंग धरून कितीतरी वेळ बसला. बोटाने गळा चाचपला. पट्टा नव्हता, सुरकुती नव्हती. मान लांब, सैल, सरळ होती.

मग तो उशीवर मागे टेकला, बहिणीकडे पाहून गालात हसला आणि म्हणाला:

“खरा आहे गं, हेस्टर. तुझा जंत खरा आहे. आता जरा खिडकी उघड, मी जळतोय.”